दहा लिटरच्या कॅबिनेटसाठी पॉवर सप्लाय: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

भाचीच्या गेमिंग कॉम्प्युटरचं बाकी सगळं ठरलं. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड (१७० × १७० मिमी), रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड आणि साधारण १० लिटरचं कॅबिनेट. यात मदरबोर्ड एका बाजूला, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या बाजूला, दोघं पाठीला पाठ लावून. दोघांना जोडायला रायझर नावाची चपटी केबल. भाचीच्या अटी दोनच: "मावशी, पाठीवरच्या बॅगेत मावला पाहिजे, आणि रात्री खेळताना घरातलं कोणी उठायला नको."

राहिला पॉवर सप्लाय (एसएमपीएस), म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना चालेल अशी करून देणारा डबा. मोठ्या टॉवरमध्ये तो शेवटी घेतला तरी भागतं. नेहमीचा एटीएक्स आकार म्हणजे १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच. लांबी १४० असो की १६०, तळाशी भरपूर मोकळी जागा असते. छोट्या कॅबिनेटमध्ये मात्र पॉवर सप्लायचा एकेक मिलिमीटर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातो. म्हणून निवड वॉटपासून सुरू न करता जागेपासून करायची असं ठरवलंय.

मदरबोर्डच्या पुढचा कप्पा मोजला. पॉवर सप्लाय ज्या चौकटीला स्क्रूने लागतो तिथपासून मदरबोर्डच्या कडेपर्यंत १७० मिमी. हा आकडा आता सगळीकडे लागणार.

६ जानेवारी

आकारांची छाननी.

एसएफएक्स: १२५ × ६३.५ × १०० मिमी. इंटेलच्या डेस्कटॉप पॉवर सप्लायच्या मार्गदर्शिकेत असलेला प्रमाणित आकार.

एसएफएक्स-एल: रुंदी-उंची तीच, लांबी १३०. हा इंटेलचा आकार नाही; सिल्व्हरस्टोनने तो आणला आणि मग इतरांनी उचलला. वाढीव ३० मिमीमुळे वर १२० मिमीचा पंखा बसतो. एसएफएक्सवर जास्तीत जास्त ९२ मिमीचा मावतो, तोही पातळ.

फ्लेक्स एटीएक्स: ८१.५ × ४०.५ × १५० मिमी. पाच-सहा लिटरच्या कॅबिनेटवाल्यांचा हाच आधार. अडचण पंख्याची. ४० मिमीच्या पंख्याला पुरेशी हवा ओढायची तर फार वेगाने फिरावं लागतं, आणि तो आवाज किरटा असतो. मोठ्या पंख्याची घरघर माणूस विसरून जातो, किरटा आवाज कानात राहतो. भाचीची दुसरी अट लक्षात घेता हा बाद.

गॅलियम नायट्राइडवाले, पंखा नसलेले: एचडीप्लेक्सचा २५० वॉटचा १७० × ५० × २५ मिमी आहे. हातात घेतल्यावर खरं वाटू नये इतका लहान. पण इथे एकट्या कार्डालाच २५० वॉट लागतात. मन तिकडे ओढ घेत होतं, तरी या प्रकल्पात त्याला जागा नाही.

म्हणजे सामना एसएफएक्स आणि एसएफएक्स-एल यांच्यात. कागदावर दोन्ही बसतात: १७० वजा १०० म्हणजे ७०, १७० वजा १३० म्हणजे ४०.

७ जानेवारी

कागदावरचं बसणं आणि प्रत्यक्ष बसणं यातलं अंतर पाहायला आज पुठ्ठ्याचे दोन डबे केले, एक १०० मिमीचा, एक १३०चा. कडा चिकटपट्टीने घट्ट केल्या आणि कॅबिनेटमध्ये स्क्रूच्या जागी धरले. मग एका जुन्या मॉड्युलर (सप्लायपासून सुटी होणाऱ्या) केबलचं २४ पिनचं टोक घेऊन डब्याच्या तोंडावर टेकवलं आणि वायर खाली वळवली.

पॉवर सप्लायच्या माहितीपत्रकात लांबी दिलेली असते ती फक्त पत्र्याच्या डब्याची. प्लग बाहेर किती येतो आणि त्यातून निघालेल्या वायरी वळायला किती जागा घेतात, हे त्यात धरलेलं नसतं. फूटपट्टी लावली: प्लगचं प्लास्टिक डब्याबाहेर साधारण १५ मिमी, आणि जाड वायरींचा जुडगा न ताणता वळायला आणखी तीस-एक मिमी. बेरीज ४५च्या आसपास. १३०च्या डब्यामागे ४० उरतात, म्हणजे वायरी मदरबोर्डच्या कडेवर दाबल्या जाणार. शिवाय याच बाजूला मदरबोर्डचं २४ पिनचं सॉकेट आहे, तिथूनही एक प्लग उभा राहतो. १००च्या डब्यामागे ७० उरतात. त्यात केबल वळते, तिची घडी बसते आणि थोडी हवाही खेळते.

आणखी एक गोष्ट पुठ्ठ्यानेच दाखवली. दोन्ही डब्यांमध्ये पंख्याचं तोंड जाळीच्या पॅनलकडे केलं तर मध्ये जेमतेम ५ मिमी उरतात. इतक्या जवळच्या जाळीतून हवा ओढताना मोठ्या पंख्यालाही आवाज होतो, म्हणजे १२० मिमीच्या पंख्याचा फायदा इथे थोडा कमीच मिळाला असता.

एसएफएक्स ठरला. एसएफएक्स-एल वाईट आहे असं मुळीच नाही. १८-२० लिटरच्या कॅबिनेटमध्ये मी तोच घेतला असता.

९ जानेवारी

आता वॉट.

कार्ड: २५० वॉट ही उत्पादकाने दिलेली मर्यादा. प्रोसेसर: टीडीपी (कागदावरचा उष्णतेचा आकडा) १२० वॉट असला तरी सॉकेटला मिळणारी कमाल १६२ वॉट. खेळताना हा प्रोसेसर तिथवर जात नाही, साधारण ७० धरू. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे: ५० ते ६०. म्हणजे खेळताना ३७०, आणि सगळं एकदम पिळून काढलं तर ४७०.

मग ५०० वॉटचा का नको? कारण ग्राफिक्स कार्डाची मागणी सरळ रेषेत चालत नाही. मिलिसेकंदाच्याही आत ती उसळी मारते आणि खाली येते. भिंतीतल्या मीटरला हे दिसतच नाही, पॉवर सप्लायच्या संरक्षक सर्किटला मात्र दिसतं. आरटीएक्स ३०८०च्या काळात भल्या वॉटचे सप्लायसुद्धा ऐन खेळात बंद पडायचे ते यामुळेच. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या नियमावलीत ही उसळी प्रथमच नीट लिहून ठेवली गेली: नव्या कार्डाची जोडणी असलेल्या सप्लायने स्वतःच्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद पेलला पाहिजे. कार्डालाही मर्यादा आहे, तेवढ्या वेळापुरती नेहमीच्या तिप्पट.

हिशेब करून पाहिला. कार्डाची तिप्पट ७५०, बाकी भागांचे कमाल २२२, एकूण ९७२ वॉट. एटीएक्स ३ पाळणारा ६५० वॉटचा सप्लाय १३०० पेलतो. म्हणजे कार्डाच्या उत्पादकाने सुचवलेले ६५० पुरेसे आहेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तरीही ७५० कडे कल आहे, आणि तो फक्त आवाजासाठी. ३७० वॉट म्हणजे ६५०च्या ५७ टक्के आणि ७५०च्या ४९ टक्के. छोट्या सप्लायचा पंखा बहुतेक वेळा याच पट्ट्यात कधीतरी जागा होतो, त्यामुळे हा फरक कानाला जाणवू शकतो. ८५० किंवा १००० वॉटचे एसएफएक्स मिळतात, पण त्याच १०० मिमीच्या डब्यात जास्त भाग कोंबलेले असतात आणि केबलींचा भाराही वाढतो. या कार्डासाठी त्याची गरज नाही.

१० जानेवारी

भाचीने विचारलं, "मावशी, गोल्ड आणि प्लॅटिनममध्ये वीजबिलाशिवाय काय फरक?" चांगला प्रश्न आहे. छोट्या कॅबिनेटमध्ये बिलापेक्षा उष्णतेसाठी तो जास्त महत्त्वाचा.

गोल्ड, प्लॅटिनम या ८० प्लस नावाच्या कार्यक्षमतेच्या मानांकनाच्या पायऱ्या. ११५ व्होल्टच्या कसोटीत गोल्डला निम्म्या लोडवर ९० टक्के कार्यक्षमता लागते, प्लॅटिनमला ९२. आपले ३७० वॉट घेतले तर गोल्ड भिंतीतून ४११ ओढेल आणि ४१ वॉट आतच उष्णता म्हणून सोडेल. प्लॅटिनम ४०२ ओढेल, ३२ सोडेल. टॉवरमध्ये ९ वॉटांना कोणी विचारत नाही. इथे तीच उष्णता एका मुठीएवढ्या पोकळीत साठते, त्याच पोकळीतला पंखा ती बाहेर काढतो आणि त्याचाच आवाज होतो.

८० प्लसचा बिल्ला आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेचं लॅम्डा हे आवाजाचं मानांकन पाहते आहे: ए++ म्हणजे १५ डेसिबलच्या खाली, ए+ १५ ते २०, ए २० ते २५. छोट्या पंख्यांमुळे एसएफएक्समध्ये वरच्या श्रेणी दुर्मीळ आहेत. ए मिळाला तरी मी समाधानी.

११ जानेवारी

माहितीपत्रकातला आणखी एक आकडा: पूर्ण वॉट किती तापमानाला दिले आहेत, ४० अंश की ५०? कार्डाची गरम हवा शेजारीच असते, त्यामुळे सप्लायच्या तोंडाशी ४० अंश सहज होतात. ५० अंशांना मोजलेलाच घ्यायचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (सप्लायमधल्या वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा या कप्प्यात तंतोतंत लागू पडतो. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे हवेत, ८५चे नकोत.

१५ जानेवारी

निवड झाली. अटी एकत्र लिहून ठेवते: एसएफएक्स, लांबी १०० मिमी, ७५० वॉट ५० अंशांना, एटीएक्स ३.१ (३.०ची पुढची आवृत्ती), प्लॅटिनम, ९२ मिमीचा पंखा, कमी लोडला पंखा बंद राहण्याची सोय, पूर्ण मॉड्युलर, आणि कार्डासाठी १२व्ही-२×६ची (नव्या कार्डांच्या विजेच्या प्लगची) स्वतःची सरळ केबल.

शेवटच्या अटीवर मी अडून बसले होते. कार्डाबरोबर आठ पिनच्या प्लगांचं ॲडॉप्टर येतं. विजेच्या दृष्टीने ते चालतं, पण प्लगांचा तो गुच्छ दहा लिटरमध्ये ठेवणार कुठे? सरळ केबलने तो प्रश्न मिटतो.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव पुरत नाही. कॉर्सेअरचा एसएफ७५० घ्या: २०१९ मध्ये आलेला आणि २०२४ मध्ये आलेला, दोघांचं नाव एकच, पण एटीएक्स ३.१ फक्त नव्यात आहे. जुना साठाही विकायला असू शकतो. खोक्यावरची पिढी आणि केबलींची यादी वाचूनच घ्यावा.

२१ जानेवारी

सप्लाय आला. कॅबिनेटमध्ये घालण्याआधी टेबलावर तपासला.

२४ पिनच्या टोकात १६ नंबरची पिन म्हणजे सुरू करण्याचा संकेत. क्लिपच्या बाजूच्या रांगेत १३ पासून मोजत गेलं की चौथी. जुन्या केबलीत तिची वायर हिरवी असायची, आता सगळ्या काळ्या, त्यामुळे मोजूनच शोधायची. शेजारची १७ नंबरची ग्राउंड. सप्लाय भिंतीपासून सुटा असताना या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, मग प्लग लावला आणि मागचं बटण दाबलं.

पंखा हलला नाही. इथे पुष्कळ जण सप्लाय मेला समजून परत पाठवतात. कमी लोडला पंखा बंद ठेवणारा सप्लाय रिकामा असताना पंखा फिरवणारच नाही. म्हणून मल्टिमीटर हवा. १२ व्होल्टच्या वायरीवर १२.०८, ५ वर ५.०३, ३.३ वर ३.३२. पाच टक्के इकडेतिकडे धरले तर १२ व्होल्टला ११.४ ते १२.६ चालतं, हे तर अगदी मधोमध आहे.

भाचीला आतलं पाहायचं होतं. झाकण उघडू दिलं नाही. भिंतीतली वीज आत आधी चारशेच्या आसपास व्होल्टला चढवली जाते, आणि प्लग काढल्यावरही मोठा कपॅसिटर ती वीज काही काळ धरून ठेवतो. जाळीतून टॉर्च मारून दाखवलं, तेवढ्यात ती खूश झाली.

२२ जानेवारी

बसवणी. दिवसभराचं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ ज्याने खाल्ला तो भाग म्हणजे भिंतीच्या विजेचा आतला छोटा प्लग.

अशा कॅबिनेटमध्ये सप्लाय पुढच्या बाजूला असतो आणि विजेचं सॉकेट मागे. दोघांमध्ये एक आतली एक्स्टेन्शन केबल धावते, आणि जागा वाचावी म्हणून तिचा प्लग काटकोनात वळलेला असतो. आता गंमत अशी की सप्लायचं सॉकेट आणि बटण प्रत्येक मॉडेलवर वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या दिशेने असतं. पंख्याचं तोंड कुठे करायचं त्यानुसार सप्लाय उलटा केला की प्लगची वायर खाली जायची ती वर जाते. आमच्या बाबतीत पंखा जाळीकडे केल्यावर वायर बरोबर खाली, तळाच्या खाचेत गेली. पंखा आत केला असता तर ती बटणावरून आडवी आली असती. खरेदीआधी मागच्या बाजूचा फोटो आणि प्लगची दिशा ताडून पाहिली होती, त्याचा आज उपयोग झाला. ज्यांना छोटं कॅबिनेट जोडायचंय त्यांनी हे सगळ्यात आधी पाहावं. बटण आधीच चालू करून ठेवलं, कारण पुढचं पॅनल लागल्यावर बोट तिथे पोचत नाही.

केबली सप्लाय आत सरकवण्याआधीच त्याला लावल्या. नंतर बोटं जात नाहीत. क्रम असा: आधी प्रोसेसरची आठ पिनची, ती तळातून, मग कार्डाची, शेवटी २४ पिनची, कारण तिची घडी बाकीच्यांवर बसते. साटाच्या (सुट्या ड्राइव्हना वीज देणाऱ्या) केबली लावल्याच नाहीत, एसएसडी मदरबोर्डवरच आहे.

कार्डाचा १२व्ही-२×६ प्लग सावकाश, सरळ दाबला. टक असा आवाज फार हलका येतो, म्हणून कानावर न जाता टॉर्च लावून चारही बाजूंनी फट नाही ना ते पाहिलं. या प्लगमध्ये बारा जाड पिना वीज नेतात आणि चार बारीक पिना संकेतांच्या असतात, त्यांतल्या दोन कार्डाला किती वॉट मिळतील ते सांगतात. नव्या रचनेत बारीक पिना आखूड आहेत: प्लग अर्धवट बसला तर त्या टेकतच नाहीत आणि कार्ड वीज घेत नाही. याच प्लगच्या जुन्या रचनेत, १२व्हीएचपीडब्ल्यूआरमध्ये, हे दोन्ही संकेत सुटे असले तरी १५० वॉट मिळायचे, आता शून्य. ही सुधारणा मला मनापासून आवडते. तरी प्लगपासून ३५ मिमीपर्यंत वायर सरळ ठेवली आणि पुढे वळवली. कॅबिनेटच्या पॅनलने ती वायर दाबली जात नाही हे पॅनल लावून, काढून, वायरीवर खूण उमटली का ते पाहून खात्री केली.

२३ जानेवारी

चालू झाला. पहिल्याच वेळी चित्र आलं.

२८ जानेवारी

लोडखाली मोजमापं, भिंतीतल्या मीटरवर.

नुसता सुरू, काही न करता: ६० वॉटच्या आसपास. पंखा बंद.

खेळताना, कार्ड पूर्ण जोरात: ३८० वॉट. ९२ टक्क्यांनी गुणलं तर सप्लाय आतल्या भागांना ३५० देतोय. खोक्यावरचे ७५० हे या आतल्या बाजूचे असतात. भिंतीतला आकडा पाहून सप्लाय किती भरलाय ते ठरवलं तर तो आहे त्यापेक्षा जास्त भरलेला वाटतो.

ओसीसीटी या भार टाकून तपासणाऱ्या प्रोग्रॅमची पॉवर चाचणी, प्रोसेसर आणि कार्ड एकदम: ५०५ वॉट, म्हणजे आत ४६५. अंदाज ४७०चा होता. सप्लाय एकदाही पडला नाही.

पंख्याचं वागणं लक्ष देऊन ऐकलं. खेळ सुरू झाल्यावर बराच वेळ तो बंदच असतो, मग हळू फिरायला लागतो आणि तिथेच राहतो. खेळ बंद केल्यावरही काही मिनिटं फिरतो. आत साठलेली उष्णता बाहेर टाकायला ते बरंच आहे. चालू-बंद, चालू-बंद असं होत नाही. सतत हलका आवाज सुसह्य असतो, येणारा-जाणारा आवाज झोप मोडतो. काही सप्लायना कमी लोडलाही पंखा फिरत ठेवण्याचं बटण असतं. ज्यांच्याकडे असं हेलकावे खाणारं असेल त्यांनी ते वापरावं.

कार्डातून बारीक किणकिण येते, फ्रेमचा वेग फार वाढला की. ती कार्डातल्या कॉइलची आहे, सप्लायची नाही. खेळातल्या मेनूवर फ्रेमना मर्यादा घातली की थांबते.

३० जानेवारी

पंखा बाहेर की आत, हा वाद पुष्कळदा ऐकलेला, म्हणून पंखा आत करूनही पाहिलं (बटणावर वायर आडवी घेऊन, तात्पुरतं). कार्डाची आणि मदरबोर्डची गरम हवा सप्लायमध्ये ओढली गेली. पंखा बाहेरच्या रचनेपेक्षा बराच लवकर जागा झाला, आणि जागा झाल्यावर स्पष्ट ऐकू आला. बाहेर काढलेल्या हवेला हात लावून पाहिला तरी फरक कळत होता. प्रोसेसर दोन-तीन अंश थंड राहिला, कारण सप्लायने त्याची हवा उपसली. पण प्रोसेसरला ते दोन-तीन अंश नको होते, सप्लायला हवे होते. पुन्हा पंखा जाळीकडे.

१ फेब्रुवारी

कार्डाचं व्होल्टेज थोडं खाली आणलं. २५० ऐवजी २०५-२१० वॉटवर चालतंय, खेळात डोळ्यांना फरक दिसत नाही. भिंतीत ३३५. आता नेहमीच्या खेळात सप्लायचा पंखा बहुतेक वेळ बंदच असतो. भाचीने रात्री खेळून पाहिलं. सकाळी तिच्या आईला विचारलं तर तिला काल रात्री कॉम्प्युटर चालू होता हेच माहीत नव्हतं.

३ फेब्रुवारी

उरलेल्या केबली एका पिशवीत घातल्या आणि पिशवीवर सप्लायचं मॉडेल आणि पिढी मोठ्या अक्षरात लिहिली. मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाची पिनरचना कुठल्याही प्रमाणात बांधलेली नाही. दोन कंपन्यांच्या, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांच्या केबली प्लगमध्ये छान बसतात आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवतात. ड्राइव्ह क्षणात जातात. भाचीला सांगून ठेवलंय: मैत्रिणीने कितीही चांगली दिसणारी केबल दिली तरी ती या सप्लायला लावायची नाही, आणि या पिशवीतली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

जाळीवरची धूळ दर महिन्याला मऊ ब्रशने काढायची, पंखा बोटाने धरून. पहिल्या साफसफाईला मी सोबत बसणार आहे.